केळीचा कांदा

बुऱ्हाणपूर
८ जानेवारी २०२५

प्रिय अमृता,

दीड वर्ष तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि बोललीस तेव्हा काय म्हणालीस, तर "प्रिय प्रतिसादक"! मला वाटलं होतं, कधीतरी चिडून फोन करशील, निदान चार शिव्या तरी घालशील. त्याऐवजी मेल आला. 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचे नोकरीतील समाधान : एक पाहणी', खाली तुझं नाव, तुझा नवा हुद्दा आणि बत्तीस प्रश्न. लोक कंपनी सोडून का जातात हे शोधायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, असं मी ऐकलं होतं. हा मेल सोडून गेलेल्या सगळ्यांनाच गेला असणार हेही मला कळतं. तरी मी तो पुन्हा पुन्हा वाचला, त्यात तुझा स्वतःचा एखादा शब्द सापडतोय का बघायला. नाही सापडला.

मग फॉर्म भरायला बसले. शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' म्हणून एक चौकट होती, तिने चौथ्या ओळीलाच माझं तोंड बंद केलं. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. तुमच्या ऑफिसचा मेल बाहेरच्यांचं काही आत घेत नाही. उरलं पोस्ट. आपल्या फ्लॅटचा पत्ता मला पाठ आहे, आणि पाच वर्षं एका खोलीत राहिल्यावर एवढं नक्की सांगते की तू घर बदलणाऱ्यातली नाहीस. काल पाकीट घ्यायला गेले तर पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "राखी तर केव्हाच होऊन गेली, आता काय पाठवता?"

तर प्रश्न. रात्री जेवताना मी ते आई-बाबांना मराठी करून वाचून दाखवत होते. बाबा शाळेतून निवृत्त झाले तरी कुठला प्रश्न बरोबर विचारलाय आणि कुठला चुकीचा, हे ठरवण्याचं त्यांचं काम चालूच असतं. अकरावा आला. 'तुमच्या सध्याच्या नोकरीत समाधान आहे का?' बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "आहे ना. निंबोल्याचा." आई एवढी हसली की तव्यावरची पोळी करपली.

तुला कळलं नसेल. माझ्या साहेबाचं नाव समाधान. आमच्या भागात समाधान नावाची माणसं ढिगाने सापडतात, त्यातला एक निंबोल्याच्या केळीवाल्याच्या घरात जन्मला, इंजिनिअर झाला आणि शनवारा दरवाजाजवळ साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन बसला. तो, मी, आणि हिशोब-फोन सांभाळणारी मोनाली, एवढीच कंपनी. आम्ही एक ॲप चालवतो, त्याचं नाव 'घड'. शेतकऱ्याने केळी कधी लावली ते त्यात टाकायचं. मग कटाई कधी येईल ते ॲप सांगतं, कापणारी माणसं आणि गाडी ठरवून देतं, रोजचा भाव दाखवतं. झालं. तुला सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही बघ. आपण पुण्यात काय करायचो ते मी आईला पाच वर्षं समजावत होते, आणि ती शेजारणींना सांगायची, "कॉम्प्युटरचं काहीतरी करते."

'वरिष्ठांशी संबंध' या प्रश्नाला एक ते पाचमध्ये काय लिहू? वरिष्ठ दुपारी माझ्या डब्यातली शेवभाजी संपवतात आणि वर म्हणतात, आज तिखट कमी होतं. 'कामाची जागा' : पायऱ्या अरुंद, खालून साड्यांचा भाव करणाऱ्या बायकांचा आवाज, उन्हाळ्यात भट्टी. 'पगार' : विचारू नकोस. 'सकाळी कामावर जाताना तुम्हाला कसे वाटते?' : अमृता, मी पायऱ्या चढताना गुणगुणते. मोनालीला खालूनच कळतं की मी आले.

एकच प्रश्न मी मोकळा सोडलाय. 'आमची कंपनी सोडण्याचे कारण.' रिलीजच्या ऐन तोंडावर मी तुला तोंडघशी पाडून पळाले, असं तू सगळ्यांना सांगितलंस म्हणे. हवं तर तेच भर.

तुझी प्रतिसादक,
वैजयंती


बुऱ्हाणपूर
२३ जानेवारी २०२५

प्रिय अमृता,

"पत्र एक्सेलमध्ये बसत नाही. आकडे पाठव." बस्, एवढाच मेसेज! पण मेसेज आला म्हणजे ब्लॉक काढलंस. मी तो आईला दाखवला तर म्हणाली, "राग गेलाय तिचा, नुसता आव आहे." खरं-खोटं तुम्ही दोघी बघा.

आता फोन चालू आहे तरी मी पत्रच लिहिणार. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि आज जे सांगायचंय ते पुरंच सांगायला हवं, कारण सोमवारी मी निम्म्या जिल्ह्याच्या केळीचा कांदा केला.

आधी एक गोष्ट समजून घे. इथे केळी दोन वेळा लावतात. पावसाळ्याच्या तोंडाला लावली ती मृगबाग, दसरा-दिवाळीच्या आसपास लावली ती कांदेबाग. दोन्हीत केळीच. कांदेबागेत कांद्याची पातसुद्धा नसते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला नव्हतं. मी मास्तरांची मुलगी, गावातल्या राजपुऱ्यात वाढलेली, केळी पाहिली ती डझनावर, हातगाडीवर.

घरी बोलणं मराठी असलं तरी इथल्या शाळा हिंदी, म्हणून धूलकोटकडच्या लोकांना मेसेज हिंदीत हवे होते, आणि मग सगळ्यांनाच हिंदीत पाठवायचं ठरलं. समाधानने मला मराठी शब्द काढून दिले आणि तो चुलतभावाच्या साखरपुड्याला निघून गेला. मी बसून सगळं हिंदी केलं. मृगबाग तशीच ठेवली, म्हटलं मृग हिंदीतही चालतो. 'कांदेबाग'चं केलं 'प्याज की खेती'. मग स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

सोमवारी सकाळी कांदेबागवाल्या सगळ्यांना मेसेज गेला. "नमस्कार. आपकी प्याज की फसल तैयार हो रही है. कटाई की गाड़ी अभी बुक करें."

पहिला फोन इच्छापूरच्या भिकनभाऊंचा. "काय व बाई, राती झोपलो तवा केयी होती. सकाळी कांदा झाला? आता मी गाडी सांगू का पोते आनू?"

मी म्हटलं, "काका, कांदेबाग म्हणजे..."

"म्हंजे केयी!" भिकनभाऊ ओरडले आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या बायकोने फोन घेतला आणि मला म्हणाली, "बाई, पानी देऊ दे यायले, मंग बोल."

दुसरा फोन निंबोल्याच्या धुरपदाबाईंचा. त्यांची सून इंदूरला असते, तिच्या फोनवर आमचे मेसेज जातात. तिने वाचलं आणि घरात कालवा. "माये, सून मले म्हने, मामांनी कोनाले न विचारता केयी मोडली अन् कांदा लावला! हे आंघोयीले बसले होते, तसेच ओल्या अंगानं बाहीर आले, म्हने म्या काय केलं?"

मग एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा खंडव्याहून. आमचा मेसेज त्याच्यापर्यंत कसा पोचला देव जाणे. "मैडम, बुरहानपुर में इतना प्याज? बताया नहीं आपने! पूरा माल हम उठा लेंगे."

इथे मोनालीने फोन टेबलावर ठेवला आणि ती टेबलाखाली गेली. हसून हसून तिला खुर्चीवर बसवेना. मी मात्र रडकुंडीला आले होते. समाधानला फोन लावला तर पलीकडे सनई, लोकांचा गोंगाट आणि याचं खिदळणं. साखरपुड्याला आलेले निम्मे पाहुणे कांदेबागवाले, मेसेज त्यांनाही गेलेला. मी म्हटलं, सॉरी, मी आत्ता दुरुस्त करते, तुम्ही म्हणाल तर लेखी माफी देते. तो म्हणाला, "वैजयंती मॅडम, आधी हसून घ्या. बाद में ठीक कर लेंगे. केयी कुठं पळून चालली का?"

मग मी हसले. दुपारपर्यंत दुरुस्त केलं आणि सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवला : "केळी केळीच आहे. कांदा आमच्या डोक्यात शिरला होता. माफ करा." त्याला आलेली उत्तरं मी तुला वाचून दाखवीन कधीतरी. माझं नाव आता 'कांदेवाली मॅडम' पडलंय. काल मंडीच्या रस्त्यावर एक अनोळखी माणूस मोटरसायकल थांबवून म्हणाला, "कांदेवाली मॅडम तुम्हीच ना?" मी हो म्हटलं तर त्याने चहा पाजला!

मंगळवारी समाधानने मला निंबोल्याला नेलं. "चला, तुम्हाले कांदा दाखवतो." अमृता, मी बत्तीस वर्षांची आहे आणि केळीच्या बागेत पहिल्यांदा गेले. आत शिरलं की ऊन हिरवं होतं, पायाखाली वाळलेली पानं वाजतात, आणि घड डोक्याएवढ्या उंचीवर लोंबत असतात. बांधावर एक बाई फोन काढून उभी होती. तिने 'घड' उघडलं. माझं हिरवं बटण, ज्याचा हिरवा मी तीनदा बदलला होता, ते तिने अंगठ्याने दाबलं आणि मागे वळून कापणाऱ्यांना ओरडली, "चार वाजता गाडी हाय, हात चालवा!" मला एवढा आनंद झाला की मी तिला मिठीच मारणार होते. समाधानने माझा चेहरा पाहिला आणि उगीच दुसरीकडे बघत राहिला.

पुण्यात हीच चूक झाली असती तर काय झालं असतं सांगू? पंधरा जणांचा कॉल, मूळ कारणाचा अहवाल, पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नवा फॉर्म. आणि त्या चुकीने कोणाच्या घरी काय घडलं, कोण ओल्या अंगाने बाहेर आलं, हे कधीच कळलं नसतं. तीन वर्षं आपण तो विम्याचा मॉड्यूल लिहिला. त्या तीन वर्षांत एकाने तरी फोन करून म्हटलं का, की बाई, तुझ्यामुळे माझं असं झालं? असो.

वैजू


बुऱ्हाणपूर
४ फेब्रुवारी २०२५

अमृता,

पाकीट उघडलं आणि आधी माझंच पान बाहेर पडलं. मागच्या पत्राचं शेवटचं पान, 'असो'भोवती लाल गोल आणि शेजारी तुझ्या अक्षरात : 'म्हणजे?' माझा कोड अशीच तपासायचीस. पान हातात घेऊन मी आधी हसले.

मग तुझं पत्र वाचलं. दवाखान्यांसाठीचं नवं काम, पूर्ण टीम, लीडची जागा, वरच्यांशी तू बोलून ठेवलंयस आणि पंधरा तारखेपर्यंत हो म्हणायचं. शेवटची ओळ, 'मला दुसरं कोणी नको आहे', ही मी कोणाला वाचून दाखवली नाही. बाकीचं घरी सांगितलं. आईने भाजी निवडायला घेतली. बाबा म्हणाले, "मोठी जागा आहे. जा." त्यांना कोणी रस्त्यात विचारलं, मुलगी पुण्याहून परत का आली, की ते अजूनही 'तब्येतीमुळे' असं सांगतात. माझी तब्येत चांगली ठणठणीत आहे, पण त्यांना दुसरं काही सुचत नाही.

समाधानलाही सांगितलं. लपवायला मला आवडत नाही. तो म्हणाला, "जाणार असाल तर जा. तुमची किंमत आम्हाला परवडत नाही हे मला माहीत आहे." मग दिवसभर तो माझ्याशी फार नीट, फार सभ्यपणे बोलत होता, आणि त्याने माझ्या डब्याला हात लावला नाही. मला ते बघवेना.

उत्तर द्यायच्या आधी मला 'म्हणजे?'चं उत्तर द्यायला हवं. तर ऐक.

रिलीजच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळच्या कॉलला मी दहा मिनिटं आधी जाऊन बसले होते. कॅमेरा बंद, माइक बंद. क्लायंटकडची दोन माणसं आधीच तिथे होती आणि आत आणखी कोणी आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एकजण नवा होता. त्याने विचारलं, हे कधीपासून वापरायचं? दुसरा म्हणाला, कधीच नाही. हे सगळं उन्हाळ्यातच रद्द झालंय, करार डिसेंबरपर्यंत आहे म्हणून चालू ठेवलंय. नव्याने विचारलं, त्यांच्या टीमला माहीत आहे? तो म्हणाला, लीडला सांगितलंय, मे महिन्यात.

लीड तू होतीस.

कामं रद्द होतात गं. कामाचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण जून आणि जुलै, त्या दोन्ही महिन्यांत तू रोज जेवताना माझ्या शेजारी बसायचीस. एकदा माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणालीस, "वैजू, किती सुंदर लिहिलंयस हे." मी त्या वाक्यावर चार दिवस जगले. आणि तुला माहीत होतं की ते कोणी कधी उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला आणि कारण विचारलंस तेव्हा काही बोलले नाही. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

झालं. 'असो' म्हणजे हे. आता तू सांग. पंधरा तारखेच्या आत मी तुला उत्तर देते, त्याच्या आत तू मला दे.

वैजयंती


बुऱ्हाणपूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमृता,

काल फोनवर पहिल्यांदाच तू मला वाक्यं पुरी करू दिलीस, कारण तू रडत होतीस. मीही रडत होते. मोनालीने आमच्या ऑफिसचं दार लावून घेतलं आणि पायऱ्यांवर बसून आलेल्या माणसाला सांगितलं, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

टीममध्ये कळलं तर एकेक जण सोडून जाईल, करार मोडेल आणि उरलेले सगळे घरी बसतील, असं वरून तुला सांगितलं होतं. म्हणून डिसेंबरपर्यंत सगळ्यांच्या नोकऱ्या टिकाव्यात या एका हिशोबाने तू गप्प बसलीस. आणि हे जिच्याजवळ बोलावं अशी एकच मैत्रीण तुला होती, ती मी, आणि माझ्याजवळच बोलायची चोरी. तू म्हणालीस, "ते सुंदर लिहिलंयस हे मात्र खरं होतं, वैजू." मला माहीत आहे. तू कोडच्या बाबतीत कधी खोटं बोलली नाहीस.

तर राग गेला. काल रात्री मी तो मुद्दाम शोधून बघितला, दीड वर्ष सांभाळलेला होता म्हणून. सापडला नाही.

आता उत्तर. मी येणार नाही.

कागद फाडू नकोस, पुढे वाच. तुझ्या टीमबद्दल शंका नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच. मी इथे फार मजेत आहे, अमृता, आणि ही मजा सोडून येण्याइतकं मोठं काही तुझ्या पत्रात नाही. गेल्या आठवड्यात भिकनभाऊ म्हणाले, अक्षर बारीक दिसतं. मी मोठं केलं. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, "आता चष्म्याबिगर वाचतो. बायको म्हनते, डोये चांगले झाले का तुमचे?" मी जे करते ते कोणाच्या तरी हातात जातं, आणि तो हात मला दिसतो. चुकलं तर सांगतात, जमलं तर सांगतात. तुझ्या पाहणीत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण बत्तीस प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. घाल त्यात.

आणि बाबांचं ऐक. गेल्या गुरुवारी ते स्वतःहून ऑफिसात आले. माझी समजूत काढायला आले होते, जा म्हणून. समाधानने त्यांना खुर्ची दिली, आणि बसल्या बसल्या त्यांना भिंतीवर आमच्या हिंदी मेसेजची छापील प्रत दिसली. खिशातून लाल पेन निघालं. "हे 'आपका गाड़ी' कोणी लिहिलं?" मी लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळे मेसेज तपासून काढले, मार्कसुद्धा दिले. आता रोज चार वाजता येतात. काल गांधी चौकात कोणीतरी त्यांना विचारलं, मुलगी काय करते? मी शेजारीच होते. बाबा म्हणाले, "आम्ही केळीवाल्यांसाठी एक ॲप चालवतो." आम्ही! मी तिथेच वळून भाजीवाल्याकडे गेले, नाहीतर माझं हसू त्यांना दिसलं असतं.

समाधानने आज माझा डबा उघडला. तिखट कमी आहे म्हणाला. सगळं ठीक आहे.

मला भीती एकाच गोष्टीची आहे, की हे वाचून तुला वाटेल मी दुसऱ्यांदा तुला सोडलं. मग तू पुन्हा बोलणं बंद करशील. ते मला नको आहे. नोकरी मी सोडली होती, तुला नव्हतं सोडायचं, आणि ते दोन्ही एकदमच झालं. आता तसं होऊ द्यायचं नाही. ये. दोन दिवसांसाठी ये. मला परत न्यायला म्हणून ये हवं तर, भांडायला ये, पण ये. आणि पुन्हा ब्लॉक करणार असशील तर कर, पोस्टातल्या बाई आता मला ओळखतात.

तुझी,
वैजू


बुऱ्हाणपूर
४ मार्च २०२५

प्रिय अमृता,

तू पोचलीस असा मेसेज आला, पण मला अजून लिहायचंय. तू दोन दिवस इथे होतीस आणि बोलण्याच्या नादात निम्मं राहून गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी घाबरले होते. चेहरा तसाच, मीटिंगला निघालेला. रिक्षात बसल्या बसल्या म्हणालीस, "मी तुला न्यायला आलेय. का यायला हवं याची कारणं लॅपटॉपवर काढून आणली आहेत." मी म्हटलं, आधी जेव. आईने मावा जिलेबी वाढली. तिसऱ्या जिलेबीला तू डोळे मिटलेस. त्यानंतर तो लॅपटॉप काही बाहेर निघाला नाही, आणि आई अजूनही सांगते की ते तिने केलं.

पण मला शनिवारबद्दल लिहायचंय. मोनाली रजेवर होती. मी आणि समाधान गाडीवाल्यांशी बोलायला खाली गेलो होतो आणि तुला म्हटलं होतं, फोन वाजला तर नुसतं 'दहा मिनिटांनी करा' म्हण. आम्ही परत पायऱ्या चढायला लागलो तर वरून तुझा आवाज. तू ओरडत होतीस.

"स्क्रीन बोटानं खाली ओढा, मावशी!"

फोन तू स्पीकरवर टाकला होतास. पलीकडून धूलकोटच्या सरुबाई, "कोनाले वढू? इथं कोनीच नाही!"

"अहो, फोनची काच! काचेवर बोट ठेवायचं आणि खाली!"

"बोट ठेवलं. आता?"

"खाली!"

"मी खालीच बसेल हाय व माय!"

समाधान पायरीवर बसला. मी भिंतीला टेकले. तू खुर्चीवरून उठून उभी होतीस, एक हात हवेत वरून खाली ओढत होतीस, जसं काही त्यांना दिसणारच होतं. कोल्हापूरची तुझी मराठी आणि धूलकोटची त्यांची, दोन्ही जोरात. आणि मग सरुबाई घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "दिसला! भाव दिसला!" तू पण ओरडलीस, "दिसला!" खालचा साडीवाला वर बघायला आला, काय झालं म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "नाव काय व तुवं?"

तू म्हणालीस, "अमृता."

फोन ठेवल्यावर तू खुर्चीत बसलीस. मी पाणी दिलं. मला वाटलं दमलीस. तर म्हणालीस, "नऊ वर्षं झाली गं मला या धंद्यात. माझं नाव आत्ता पहिल्यांदा कोणी विचारलं." मी लगेच चहा मागवला, कारण समाधान तिथे होता आणि तू त्याच्यासमोर रडली असतीस तर मग त्यालाही रडू आलं असतं.

स्टेशनवर तू मला बजावलंस, की नोकरी सोडून इकडे ये असं मला म्हणू नकोस. तुला ती मोठी टीम चालवायला आवडते, दहा माणसांचं दहा तऱ्हेचं सांभाळायला आवडतं. मी म्हणणार नाही. मला ते दिसतं, तू त्यात फार चांगली आहेस. पण गाडी हलता हलता जे म्हणालीस त्याने मला फार बरं वाटलं, की दवाखान्याचं काम सुरू करायच्या आधी एक आख्खा दिवस तिथल्या केसपेपरच्या खिडकीमागे जाऊन बसणार आहेस, टीममधल्या सगळ्यांना घेऊन. वरचे काय म्हणतील ते म्हणोत, म्हणालीस. अमृता, जा खरंच. लोक ओरडतील, घाई करतील, तुम्हाला बाजूला हो म्हणतील. मजा येईल.

पत्र इथे संपवणार होते. पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं. पण आज सकाळी मोनालीने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, सरुबाई आहेत, माझ्याशी बोलायला तयार नाहीत.

मी म्हटलं, "बोला मावशी, काय अडचण आहे?"

"अमृताबाई हाय का?"

"ती पुण्याला गेली. मला सांगा ना, भाव दिसत नाही का?"

"दिसते ना. रोज सकायी काच वढतो, रोज दिसते. अडचन काहीच नाही."

"मग?"

"तिले सांगाले केला फोन, का दिसते म्हनून." मागे कोंबडी ओरडत होती. "कधी येईन ते?"

मी म्हटलं, तिला विचारून सांगते. त्या म्हणाल्या, विचार, मी सांजेला फोन करतो.

तर विचारतेय. पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून आज संध्याकाळी फोनही करते. कधी येशील?

वैजू